वरचा मजला, खालचा मजला

संध्याकाळ झाली की आत्याला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी यायचं असतं. राजवाड्याकडून येणारी गर्दी पुलावर दाटते, रिक्षा आणि दुचाक्या एकमेकींना रेटत पुढे जातात. दगडी ओट्यावर बसलं की मात्र पारव्यांचं घुमणं ऐकू येतं. खाली कान्ह नदी. होळकर घराण्याच्या तीन छत्र्या, म्हणजे स्मारकं, कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची आणि शिवाजीरावांची. यातल्या शिवाजीरावांबद्दल आत्या घरच्या माणसासारखं बोलते, कारण त्यांनी १८९१ साली काढलेल्या होळकर कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली.

यंदा एप्रिलात मी चार दिवस इंदुरात होतो. मी पुण्यात शिकवतो, सहावी ते आठवीला विज्ञान. इमारत महापालिकेची, शाळा एका संस्थेने करारावर चालवायला घेतलेली. आत्या देवासजवळच्या एका गावातल्या सरकारी मिडल स्कूलमधून निवृत्त झाली. तिचाही विषय विज्ञान. (महाराष्ट्रात माध्यमिक म्हटलं की नववी-दहावी डोळ्यांपुढे येते, मध्य प्रदेशात माध्यमिक शाला म्हणजे सहावी ते आठवी. आत्या सरळ 'मिडल' म्हणते.) विषय एक, मुलांचं वय एक, तरी शाळा कशी असावी यावर आमचं कधी जुळलेलं नाही.

त्या दिवशी विषय निघाला तो आत्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलीवरून. मुलगी पाचवी पास झाली. आता तिला घराजवळच्या सरकारी शाळेत घालायचं, की बस येते त्या सांदीपनी विद्यालयात, असं ताईंनी आत्याला विचारलं होतं. तीन दिवस झाले, आत्याने उत्तर दिलं नव्हतं.

मी – एवढा विचार कसला? सांदीपनीत जागा मिळत असेल तर घालायलाच हवं.

आत्या – मिळत असेल तर. त्या 'तर'चाच विचार करते आहे. या मुलीला मिळेल. हिच्या गल्लीतल्या बाकीच्या सात-आठ जणींचं काय?

सांदीपनी म्हणजे आधीचं 'सीएम राइज'. मध्य प्रदेश सरकारने २०२१ मध्ये ही योजना मंजूर केली, २०२५ मध्ये नाव बदललं. राज्यभर ९,२०० शाळा उभ्या करायच्या असं मूळ उद्दिष्ट, पहिल्या टप्प्यात काही शे. केजीपासून बारावीपर्यंत एकच आवार, मुलांना न्यायला-आणायला बस, पारखून घेतलेले शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय. या सरकारनेच चालवलेल्या शाळा आहेत, संस्थेने नव्हे, म्हणून माझ्या शाळेहून त्यांची जातकुळी वेगळी. विचार मात्र एकच. सगळ्या शाळा एकदम सुधारता येत नाहीत, तेव्हा काही निवडायच्या आणि त्यांना वेगळी माणसं, वेगळे पैसे आणि थोडी मोकळीक द्यायची.

मी – बाकीच्या जणींचं काय हे विचारून या एका मुलीचं वर्ष थांबवणार का? आमच्याकडे सहावीत येणारी मुलं मी पाहतो. काहींना दुसरीचा धडा वाचता येत नाही. त्यांना 'व्यवस्था सुधारेपर्यंत थांब' कसं सांगू? आमच्या शाळेत सकाळी ठरल्या मिनिटाला प्रार्थना होते, प्रत्येक वर्गावर शिक्षक असतो, शाळा सुटल्यावर तासभर वाचनाचा वर्ग असतो. ज्या मुलाच्या घरी पाणी कधी येईल, बाप कधी येईल, काहीच ठरलेलं नसतं, त्याच्या दिवसात शाळेची घंटा ही एक ठरलेली गोष्ट असते. तिचं मोल कमी समजू नकोस.

आत्या – घंटेचं मोल मला ठाऊक आहे. मी पस्तीस वर्षं ती वाजताना ऐकली. पण तुमच्याकडे रांगेत बोट ओठावर ठेवून चालायचं, हात ठरल्या पद्धतीने वर करायचा, शिक्षक बोलत असताना नजर हलू द्यायची नाही, असं तूच मागे सांगितलं होतंस. ते कुठून आलं?

ते अमेरिकेतून आलं. १९९४ मध्ये ह्यूस्टनला दोन तरुण शिक्षकांनी पाचवीच्या एका वर्गापासून 'किप' नावाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं, लांबलचक दिवस, शनिवारीही वर्ग, आणि शिक्षक, पालक, मूल या तिघांनी सह्या केलेलं वचनपत्र. त्याआधी १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने कायदा केला होता. पैसा सरकारचा, शाळा चालवणारे दुसरे, त्यांना नियमांतून सूट आणि बदल्यात निकालाची हमी, असा करार. त्या करारनाम्याला तिकडे चार्टर म्हणतात. पहिली चार्टर शाळा १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात उघडली. शहरी भागातल्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी अशा शाळा मग ठिकठिकाणी निघाल्या. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी शाळा संस्थांना चालवायला दिल्या त्या याच धर्तीवर. 'आकांक्षा' या संस्थेने २००७ नंतर घेतलेल्या शाळा हे त्यातलं ठळक नाव.

मी – आणि त्यातून फायदा होतो, आत्या. बोस्टनमध्ये अशा शाळांत जागांपेक्षा अर्ज जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकत. अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठी लागलेली आणि न लागलेली मुलं घेऊन तुलना केली. दोन्हीकडचे आईबाप सारखेच धडपडणारे, फरक फक्त चिठ्ठीचा. चिठ्ठी लागलेली मुलं गणितात बरीच पुढे गेली. हे कुणा जाहिरातवाल्याचं म्हणणं नाही.

आत्या – मानते. गणित आलं, चांगलं झालं. पण बोट ओठावर ठेवून चालणाऱ्या मुलाला त्यातून आणखी काय आलं, ते त्या चाचणीत होतं का?

याचं उत्तर माझ्यापाशी होतं, आणि ते माझ्या बाजूचं नव्हतं. 'मेहनत कर, चांगलं वाग' हे किपचं पंचवीसेक वर्षांचं घोषवाक्य. २०२० मध्ये त्यांनी ते स्वतःच सोडलं. त्यातून आज्ञाधारकपणाचीच शिकवण जाते आणि मुलांच्या वाटेत उभ्या असलेल्या अन्यायाकडे डोळेझाक होते, असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. मी ते आत्याला सांगितलं. खोटं कशाला बोलू?

आत्याने लगेच त्याचा फायदा घेतला नाही. ती आपल्या कामाबद्दल बोलू लागली. ते मी लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं होतं, सलग पहिल्यांदाच ऐकत होतो.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये सोळा मिडल स्कूलांत सुरू झाला. रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि अनिल सद्गोपाल यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून उभी केलेली 'किशोर भारती', अशा दोन संस्थांनी सरकारकडे एवढंच मागितलं की तुमच्या शाळा, तुमचे शिक्षक, तुमचीच मुलं, फक्त विज्ञान आम्हांला वेगळ्या तऱ्हेने शिकवून पाहू द्या. १९७८ मध्ये कार्यक्रम सगळ्या होशंगाबाद जिल्ह्यात गेला. १९८२ मध्ये त्यासाठी 'एकलव्य' संस्था स्थापन झाली. मग देवास, उज्जैन, धार असं करत शेवटी पंधरा जिल्हे आणि हजाराच्या घरात शाळा.

आत्या – मला ऐंशीच्या दशकात प्रशिक्षणाला पाठवलं. उन्हाळ्याची सुट्टी, तीन आठवडे, अंगाची लाही. मी चिडूनच गेले होते. पहिल्या दिवशी आम्हां शिक्षकांना फळ्याची लांबी मोजायला सांगितली. चाळीस शिक्षक, चाळीस आकडे. मला वाटलं, आता खरं उत्तर सांगतील. तर त्यांनी चाळीसही आकडे फळ्यावर लिहिले आणि विचारलं, 'सांगा, हे वेगवेगळे का आले?' मी तोवर सात वर्षं शिकवत होते. पोरांचं माप माझ्या मापाशी जुळलं नाही की चूक म्हणून फुली मारायची. त्या दिवशी कळलं की आपण किती पोरांचं बरोबर उत्तर खोडलं असेल.

मी – पुढे वर्गात काय केलंस?

आत्या – तेच. चार-चार जणांची टोळी. 'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तकं होती, त्यांत प्रयोग आणि प्रश्न, उत्तरं छापलेली नाहीत. उत्तर टोळीने शोधायचं आणि वहीत आपल्या शब्दांत लिहायचं. शाळेला एक किट मिळे. संपलं तर गावात मिळेल ते वापरायचं. टाचणीच्या जागी बाभळीचा काटा. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या...

मी – ते अरविंद गुप्तांचं!

आत्या – हो. टेल्कोतून रजा घेऊन १९७८ मध्ये होशंगाबादला आले होते. काड्या आणि नळीचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करायचं त्यांना तिथेच सुचलं. तुम्ही पुण्याच्या माणसांनी त्यांना आयुकात पाहिलं, पण ती खेळणी आमच्याकडच्या आठवडी बाजारातली.

मी – आमच्या शाळेतही ती आहेत. वर्षातून एकदा विज्ञान प्रदर्शनात.

आत्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं.

आत्या – टोळीतली एक गोष्ट सांगते. पाण्याचा प्रयोग होता, चार जणांत एक पेला. एका मुलाने पेल्याला हात लावला नाही, कारण त्याच्या टोळीतली एक मुलगी ज्या वस्तीतून येत होती तिथलं पाणी त्याच्या घरी चालत नव्हतं. त्याला रागवावं तर तो घरी सांगणार, सोडून द्यावं तर मुलीच्या डोळ्यांदेखत मी हे मान्य केलं असं होणार. मी म्हटलं, माप तूच घ्यायचंस, नाहीतर टोळीचा तक्ता रिकामा राहील आणि बाकीचे तिघंही अडतील. दहा मिनिटं तो बसून राहिला. मग पेला उचलला. भाषण दिलं नाही, सुविचार लिहिला नाही. पण ती चौकडी वर्षभर फुटली नाही. मूल्यं म्हणतात ना, ती मला अशी दिसली. पेला एकच होता म्हणून दिसली. प्रत्येकाला वेगळा पेला देण्याइतके पैसे असते तर दिसली नसती.

पुलावर कुणीतरी जोरात भोंगा वाजवला आणि पारवे एकदम उडाले. ते खाली उतरेपर्यंत आम्ही गप्प होतो.

मी – आत्या, एक विचारू? राग मानू नकोस. एवढं सगळं होतं, तीस वर्षं होतं, हजार शाळांत होतं. आणि २००२ मध्ये एका आदेशाने संपलं.

आत्या – संपलं.

मी – म्हणूनच करार लागतो. सरकारी चौकटीच्या आत राहून केलेलं काम सरकार बदललं, अधिकारी बदलला की पुसलं जातं. आमच्याकडे निदान कागद आहे. अमुक वर्षं शाळा तुमच्याकडे, शिक्षक तुम्ही निवडा, आम्ही मधे येणार नाही.

आत्या – जिल्हा नियोजन समितीने शिफारस केली आणि भोपाळहून हुकूम आला. पोरं पुढे नववीत मागे पडतात म्हणे. आम्ही खूप भांडलो. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी सरकारला पत्रं लिहिली. किट कपाटात गेलं, कपाटाला कुलूप. दुसऱ्या वर्षी नवी पुस्तकं आली, त्यांत प्रत्येक धड्याखाली व्याख्या. मी ती पाठ करून घेतली. नोकरी होती.

ती थांबली. मग म्हणाली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

आत्या – पण चूक फक्त त्यांची नव्हती. आमची परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची. काही भाग प्रयोगाचा. आईबापांना वाटायचं, पुस्तक बघून लिहितात, ही कसली परीक्षा? आम्ही दर महिन्याला संकुलात गोष्ठी घ्यायचो, शिक्षक शिक्षकांना अडचणी सांगायचे. पोरं 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक माणसाला पत्रं लिहायची, त्यांना उत्तरं यायची. सगळ्यांशी बोललो, आईबापांशी पुरेसं बोललो नाही. बंद झालं तेव्हा आमच्या गावातून एकही बाप रस्त्यावर आला नाही. का येईल? पोरगा काय शिकतोय ते त्याला आम्ही कधी दाखवलंच नव्हतं.

मी – आमच्याकडे ते होतं. दर महिन्याला पालकसभा, घरभेटी. मुलीची वही तिच्या आईपुढे ठेवून आम्ही बोलतो.

आत्या – कुठल्या भाषेत? वही तर इंग्रजीत.

हा घाव खोल होता. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. पालकांना तीच हवी म्हणून आहे, आणि पालक चुकत नाहीत. इंग्रजीवाचून पोराचं दार बंद होतं हे त्यांनी स्वतःच्या अंगावर सोसलंय. पण प्रयोग चालू असतो तेव्हा मुलं आपसात भराभर मराठीत बोलतात, 'अरे, हे बुडालं कसं, ते तर हलकं आहे', आणि मी जवळ गेलो की गप्प होतात, कारण तोच प्रश्न इंग्रजीत कसा विचारायचा ते त्यांना येत नाही. चांगला प्रश्न माझ्या देखत विझतो. मी आता विज्ञानाच्या तासाला प्रश्न कुठल्याही भाषेत चालेल असं सांगून टाकलं आहे. मुंबईत 'मुक्तांगण' या शिक्षणसंस्थेने २००३ पासून याला वेगळी वाट काढली. वरळी-परळच्या वस्त्यांतल्याच बायकांना शिक्षिका म्हणून तयार केलं. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी वर्गातली बाई मुलाच्या घरची बोली जाणते. माझ्या मते अशा सगळ्या प्रयोगांत हा सर्वांत शहाणा निर्णय आहे.

आत्या – तुला पोरं काय म्हणतात?

मी – भैया. आमच्याकडे सगळे दीदी आणि भैया.

आत्या – मला बहनजी म्हणायची. बहनजी म्हातारी होईपर्यंत त्याच गावात राहिली. तुमचे दीदी-भैया किती वर्षं टिकतात?

मी – काही दोन वर्षांत जातात. काही माझ्यासारखे राहतात.

आत्या – जाणाऱ्यांना दोष देत नाही, पगार आणि थकवा दोन्ही मला दिसतात. पण पोराच्या हिशेबाने बघ. सहावीतली दीदी आठवीत नसते. अकरा ते चौदा हे वय असं असतं की पोरगं एक दिवस बाळ आणि दुसऱ्या दिवशी बाप्या. त्याला त्या तीन वर्षांत एक तरी माणूस न बदलणारं हवं. इथे इंदुरातही सरकारी शाळांतून अतिथी शिक्षक आहेत, वर्षावर्षाच्या बोलीवर. त्यांची तीच गत. करार शाळेचा असो नाहीतर शिक्षकाचा, पोराला कुणी सही करून देत नाही.

मी – आमच्यावर करार आणखी एका बाजूने बसतो, तेही सांगतो. तो संपत आला की वर्षभर चाचण्या. निकाल चांगला दिसला तर मुदत वाढणार. मग आठवीचा प्रयोगाचा तास गणिताच्या सरावाला जातो. तुमचं कपाट हुकमाने बंद झालं, आमचं आम्हीच बंद करतो.

आत्या हसली नाही. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

आत्या – तुझ्या चार्टरवाल्यांनी सुरुवातीला काय योजलं होतं? पोरांच्या चाचण्या घ्यायच्या एवढंच?

मी – नाही. ते वेगळंच होतं. १९८८ मध्ये अल्बर्ट शँकर नावाच्या माणसाने ही कल्पना देशभर मांडली. तो शिक्षकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. त्याचं म्हणणं, शिक्षकांच्या लहान गटांना सरकारी व्यवस्थेतच वेगळी शाळा काढू द्या, त्यांनी नवे प्रयोग करावेत आणि जमलेलं बाकीच्या शाळांना द्यावं. पुढे या शाळा बाकीच्यांशी स्पर्धा करू लागल्या, तेव्हा त्याने स्वतःच पाठ फिरवली.

आत्या – म्हणजे आमच्या गोष्ठीसारखं. एकाला जमलं की पुढच्या महिन्यात दहा शाळांत.

मी – तसंच.

आत्या – मग मला एवढं सांग. तुझी शाळा ज्या इमारतीत आहे तिथे आणखी कोण आहे?

मला कळलं की ती कुठे येते आहे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर आम्ही आहोत आणि खालच्या मजल्यावर महापालिकेची मराठी शाळा. फाटक एक, जिना एक. आमच्या मुलांचा गणवेश वेगळा, मधली सुट्टी वेगळ्या वेळेला, कारण मैदान लहान आहे. खालच्या शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. सहावीत यंदा उणीपुरी पंधरा मुलं. आमच्या वर्गातल्या तिघांची धाकटी भावंडं खाली आहेत, कारण वर जागा संपल्या. सकाळी ती एकत्र येतात आणि जिन्यापाशी वेगळी होतात.

आत्या – खालचे शिक्षक कधी तुझ्या वर्गात येऊन बसले?

मी – नाही.

आत्या – तू कधी खाली गेलास?

मी – एकदा. खुर्च्या मागायला.

आत्या – मग तुझ्या शाळेत मुलं शिकतात हे मला पटलं. वाचायला शिकतात, हेही मोठं आहे. पण चांगली शाळा मी तिलाच म्हणेन जिचं चांगलंपण जिना उतरून खाली जातं. इथेही तेच होणार आहे. पंधरा-वीस किलोमीटरवर एक मोठी सांदीपनी, आणि आसपासच्या लहान शाळा रिकाम्या होत होत तिच्यात जाणार. बस जिथवर जाते तिथवर ठीक. ज्या मुलीच्या घरचे तिला बसमध्ये बसू देत नाहीत, ती कुठे जाणार? नाव तर सांदीपनींचं घेतलंय. उज्जैनच्या त्या आश्रमात कृष्ण आणि सुदामा एका गुरूपाशी होते. कृष्णासाठी वरचा मजला नव्हता.

मी – पण आत्या, खालची शाळा सुधारायला मी एकटा काय करू? तिथले शिक्षक जनगणनेला जातात, निवडणुकीला जातात, माहिती भरत बसतात. त्यांना माझ्या वर्गात येऊन बसायला वेळ कुठे आहे? शिवाय त्यांना आमचा रागही आहे. त्यांच्या मते आम्ही त्यांची मुलं पळवली.

आत्या – राग असणारच. आमच्याही गोष्ठीला आधी सगळे हाताची घडी घालून बसायचे. तू शिकवायला जाऊ नकोस. विचारायला जा. पंधरा पोरांचा वर्ग त्या बाई कशा घेतात ते बघ. तुला अडतीस पोरं मिळतात, तुझ्या एका टोळीत सहा जण होत असतील, अर्धी नुसती बघत बसतात. त्यांच्याकडे टोळ्या चारच्याच होतील.

हे मला अजिबात सुचलं नव्हतं. वरचं खाली द्यायचं एवढंच मी समजत होतो. खालून वर काही येईल असं माझ्या मनातही नव्हतं.

अंधार पडला. छत्र्यांवर दिवे लागले. आम्ही पुलावरून चालत घरी निघालो आणि वाटेत पुन्हा ताईंच्या मुलीवर आलो. मी माझं म्हणणं सोडलं नव्हतं, आजही सोडलेलं नाही. ज्या मुलीला आज चांगली शाळा मिळते आहे तिने ती घ्यावी, दुसऱ्यांना मिळत नाही म्हणून तिने का सोडावी? आत्याचं म्हणणं, प्रत्येक आईने असाच विचार केला म्हणून तर जवळची शाळा ओस पडते आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात. बोलक्या, जागरूक आया सांदीपनीच्या फाटकाशी उभ्या राहिल्या तर जवळच्या शाळेच्या समितीत कोण बसणार? हा प्रश्न मला खरंच नीट उत्तरता आला नाही. ताईंना मात्र यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी आत्याला सरळ सांगितलं, जवळच्या शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, मुलगी मोठी होते आहे, मी तिला तिथे पाठवणार नाही. आत्याने एक शब्द काढला नाही. पर्स घेतली, चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर सांदीपनीत अर्ज भरायला गेली.

मी त्या रात्रीच्या गाडीने पुण्याला आलो.

आठवड्याने आत्याचा फोन आला. मुलीला प्रवेश मिळाला, बस सकाळी पावणेसातला येते. मग तिने सांगितलं की ती जवळच्या शाळेतही जाऊन आली. मुख्याध्यापकांना म्हणाली, मी निवृत्त बहनजी आहे, मंगळवारी सहावीच्या वर्गावर येऊ का? ते हो म्हणाले. स्वच्छतागृहाची कडी तिने स्वतःच्या पैशाने बसवून घेतली.

पुण्यात मी एका शनिवारी जिना उतरून खाली गेलो. तिथल्या विज्ञानाच्या बाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांच्या पंधरा मुलांनी त्या दिवशी व्हरांड्याची लांबी मोजली होती आणि फळ्यावर पंधरा आकडे लिहिलेले होते, एकावरही फुली नव्हती. हे त्या कुठे शिकल्या असं मी विचारलं. त्यांनी टेबलाच्या खणातून 'शैक्षणिक संदर्भ' या मराठी नियतकालिकाचा एक जुना, कडा झिजलेला अंक काढला आणि मला वर घेऊन जायला दिला.